सूप पायानं सरकवलं, ते लिहा

अर्ज तीन पानी होता. शाळेच्या वहीतली पानं फाडून, दोन्ही बाजूंनी गच्च लिहिलेला. अक्षर आठवीतल्या मुलाचं, शब्द त्याच्या आईचे. भावकीतल्या कुणीतरी १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला फोन करून ठरलेलं लग्न मोडलं इथपासून सुरुवात. मग चौकशीला घरी आलेल्या मॅडम पैसे खातात असं शेजारीण म्हणते ते, मग पोलीस कसे बोलले ते, मग वर देव बघतोय. आणि तिसऱ्या पानाच्या तळाशी, जागा संपत आली म्हणून बारीक अक्षरात, एक ओळ: घरी आल्या तेव्हा विड्यांचं सूप पायानं सरकवलं.

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे खरंच घडलं?"

"घडलं की ओ, बाई. पानं सांडली, तंबाखू सांडली. पोरगी भरायला उठली, तर म्हणल्या, राहू दे, आईला भरू दे, तिला तेवढंच येतंय."

एवढं बोलून ती रडली. तीन पानं वाचून होईपर्यंत रडली नव्हती.

शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी लोकांचे अर्ज लिहून देते. रेशनचे, पेन्शनचे. गेल्या काही वर्षांत त्यात अशा आईबापांची भर पडली आहे, म्हणून आज तुमच्याशी बोलावंसं वाटलं. त्या मॅडम कोण, कुठल्या संस्थेच्या, ते मी सांगणार नाही. घरही ओळखू येऊ नये म्हणून दोनचार गोष्टी बदलल्या आहेत. सोलापुरात विडीचं सूप कुठल्या घरात नाही!

आधी कडू गोष्ट. ही माउली चुकली होती. मुलगी सोळाची, नुकतीच दहावी झालेली, आणि हळदीची तारीख धरलेली. लग्न थांबलं ते बरंच झालं, हे मी तिला तोंडावर सांगितलं. २००६च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणाऱ्या आईबापांनाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. बाईमाणसाला कैद होत नाही, बापाला होते. आणि जिचं असं लग्न लागण्याच्या बेतात आहे ती मुलगी २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या भाषेत 'काळजी व संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरते. तिला २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे न्यावं लागतं. इथंही तसंच झालं. मुलगी काही दिवस बालगृहात राहिली, घरी चौकशी झाली, आईबापांनी हमीपत्र लिहून दिलं, मुलगी परत आली. सगळं कायद्याला धरून. सूप पायानं सरकवणं मात्र कुठल्याच कलमात बसत नाही.

आपल्याकडे आईबाप गप्प बसतात ते इथंच. आपणच चुकलो, आता कुठल्या तोंडानं तक्रार करायची? मी म्हणते, करायची. चूक तुमची असली तरी करायची. बाल न्याय कायद्याच्याच तिसऱ्या कलमात मुलाची काळजी घेण्याची पहिली जबाबदारी कुटुंबाची मानली आहे, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय. ज्या आईच्या हवाली मुलगी पुन्हा करायची, तिची तिच्याच लेकीसमोर किंमत काढून कुणाचं हित साधलं? त्या दिवशी त्या पोरीनं खाली मान घालून पानं वेचली. तिला काय शिकवलं आपण?

तर आता अर्जाकडे येऊ. बहुतेक अर्ज वाया जातात ते दोन राग एकात कालवल्यामुळं. 'माझं मूल नेलं' हा एक राग, 'माझ्याशी असं वागले' हा दुसरा. दोन्हींच्या वाटा वेगळ्या आहेत. समितीचा आदेश पटला नाही तर अपील, तेही ३० दिवसांत, बाल न्यायालयात. तक्रारीच्या अर्जानं आदेश फिरत नाही. एका बापानं साहेबांकडे अर्जावर अर्ज दिले आणि अपिलाची मुदत घालवून बसला. त्याचं मला अजून वाईट वाटतं. वकिलाला पैसे नाहीत म्हणून थांबू नका. बाईला आणि मुलाला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

वागणुकीची तक्रार जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्यांकडे. कार्यकर्ती संस्थेची असेल तर संस्थाप्रमुखांना अर्ज आणि या अधिकाऱ्यांना प्रत. तक्रार खुद्द समितीच्या कारभाराची असेल तर ती जिल्हाधिकाऱ्यांकडे. २०२१च्या दुरुस्तीनं तो अधिकार स्पष्ट त्यांना दिला आहे, आणि दोन्ही बाजू ऐकूनच त्यांनी निर्णय द्यायचा आहे. कुठंही द्या, पण दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, बघतो" म्हणतात. तुम्ही हसून उभं राहायचं.

लिहायचं किती? एक पान पुष्कळ. कुठली तारीख, किती वाजता, घरात कोण कोण होतं, काय केलं, काय बोलल्या. 'उर्मट' लिहू नका, बोललेलं वाक्य जसंच्या तसं लिहा; वाचणाऱ्याला उर्मटपणा आपोआप कळतो. ऐकीव काही नको. पैसे खरोखर तुमच्याकडे मागितले असतील तर ते गाऱ्हाणं वेगळं, त्यासाठी लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ आहे. नसतील मागितले, तर शेजारणीचं वाक्य तुमच्या खऱ्या ओळीलाही बुडवतं.

चौकशी अहवालात चुकीचं लिहिलंय अशी शंका असेल, तर तोही मार्ग आहे. अहवाल गोपनीय असतो, पण त्यातला मथितार्थ आईबापांना सांगून त्यावर पुरावा द्यायची संधी समिती देऊ शकते. बाल न्याय कायद्याचं कलम ९९. मागून बघा. या माउलीच्या घराबद्दल 'घरात तंबाखू, वातावरण अयोग्य' असं लिहिलं असणार अशी तिला धास्ती होती. विडी वळणारीच्या घरात तंबाखू नसेल तर काय असेल?

"ते पिक्चरमधल्यागत झालंय आमचं," असं मला बऱ्याच जणी सांगतात. पिक्चर म्हणजे नॉर्वेवरचा, २०२३ साली आलेला, राणी मुखर्जीचा. त्यामागची सागरिका चक्रवर्ती खरी. २०११मध्ये तिची दोन मुलं तिथल्या बालसंरक्षण यंत्रणेनं नेली. पुढं मुलं भारतात काकाकडे आली, तरी ही बाई लढतच राहिली. २०१३च्या जानेवारीत कलकत्ता उच्च न्यायालयानं मुलं तिच्या ताब्यात दिली. पिक्चर बघणाऱ्यांच्या लक्षात राहत नाही ती गोष्ट वेगळीच: त्याआधी बर्दवानच्या बाल कल्याण समितीनं तिच्या बाजूनं कौल दिला होता. म्हणजे जिच्या नावानं तुम्ही घाबरता, तसलीच समिती.

कार्यकर्त्यांची बाजूही मला ठाऊक आहे. अक्कलकोटपासून माळशिरसपर्यंत ११ तालुके, माणसं मोजकी, बहुतेक कंत्राटी. लग्न थांबवायला गेल्यावर अंगावर धावून येणारं गाव मीही पाहिलंय. त्यांच्यातल्या दोघीतिघी तर माझ्याच विद्यार्थिनी. दमलेलं माणूस तुसडं बोलतं, हे समजू शकतं. पाय लावणं नाही समजत.

"तक्रार केली तर पोरगी परत नेतील का, बाई?" हे ती तीनदा विचारून गेली. कुणाच्या मनात आकस येणारच नाही, अशी शपथ मी कशी घेऊ? पण शिक्का पडलेली तारीख तुमच्या बाजूनं उभी राहते. त्यानंतर वाकडा अहवाल आला तर तो त्या तारखेशेजारी ठेवून वाचला जातो. तुम्ही मात्र समितीची एकही तारीख चुकवू नका. पुढच्या भेटीला दार उघडा, पाणी द्या, हवं तर शेजारच्या काकूंना बसवून घ्या.

आणि मुलांना यातून बाहेर ठेवा. आठवीतल्या भावाकडून बहिणीचं सगळं लिहून घेतलं, तिथंच मी त्या आईवर रागावले. मुलीला मोबाइलसमोर बसवून बोलायला लावणं, गल्लीच्या ग्रुपवर टाकणं, हे तर नकोच. मुलाची ओळख उघड केली तर त्याच कायद्याच्या कलम ७४ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. शिवाय ग्रुपवरचं नाव पुसायचं म्हटलं तरी पुसत नाही.

नवा अर्ज मी तिच्या घरी बसून लिहिला. तिनं विचारलं, "लग्नाचं त्यात लिवायचं काय?"

"पहिलं तेच लिहायचं."

लग्न ठरवलं होतं, ती आमची चूक. हे पहिलं वाक्य. सुपाचं दुसरं. एक पानही भरलं नाही. मी मराठीत दोनदा वाचून दाखवलं, तिनं शेजारणीकडून तेलुगूत एकदा समजून घेतलं आणि तेलुगूतच सही केली.

चार दिवसांनी शिक्क्याची प्रत दाखवायला आली. पुढं काय होतंय, बघू. प्रत तिनं प्लास्टिकच्या पिशवीत घातली होती, पोरीच्या अकरावीच्या प्रवेशाच्या पावतीबरोबर.