रेघ आधी वहीत, मग फळ्यावर

बाळा, ब्राउझरमध्ये चित्र काढायचा फळा करायला घेतलायस, तर चार गोष्टी आत्ताच कानावर घालतो. मी त्या ठेचा खाऊन शिकलो.

पहिली आणि सगळ्यात मोठी: कॅनव्हासला आठवण नसते. काढलेली रेघ तिथे नुसते रंगीत ठिपके होऊन उरते. कॅनव्हासची रुंदी किंवा उंची नव्याने दिलीस की आख्खा फळा कोरा होतो. माझ्या पहिल्या फळ्यावर एका शिक्षिकेने भूमितीची आकृती काढली, टॅबलेट आडवा धरला आणि आकृती पुसली गेली. त्यांचा चेहरा अजून आठवतो. तेव्हापासून प्रत्येक रेघ आधी कोडमधल्या वहीत लिहितो: रंग, जाडी आणि बिंदूंची यादी. वही असली की फळा केव्हाही पुन्हा काढता येतो. 'मागे घ्या' हे बटणही मग सोपं होतं: शेवटची नोंद काढायची आणि फळा नव्याने रंगवायचा.

दुसरी, मापाची. काही सांगितलं नाहीस तर कॅनव्हास 300 बाय 150 पिक्सेलचा असतो. सीएसएसने तो नुसता ताणलास तर रेघ धूसर दिसते. दिसायच्या मापाला डिव्हाइस पिक्सेल रेशोने गुणून आतलं माप दे आणि त्याच आकड्याने स्केल कर. माप बदललं की स्केलही पुसलं जातं, ते पुन्हा दे.

तिसरी, हाताची. माऊस, बोट, पेन यांच्यासाठी वेगवेगळा कोड लिहू नकोस. पॉइंटर इव्हेंट पुरतात. फळ्याला 'टच-ॲक्शन: नन' लाव, नाहीतर बोट फिरवताना पानच सरकतं. बोट टेकताच पॉइंटर कॅप्चर घे, म्हणजे हात कडेबाहेर गेला तरी रेघ तुटत नाही.

चौथी, वेगाची. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला जेमतेम 16.7 मिलिसेकंद मिळतात. म्हणून बिंदू आले की नुसते जमव. रंगवायचं काम रिक्वेस्ट ॲनिमेशन फ्रेमवर सोपव. दोन कॅनव्हास एकावर एक ठेव: पुऱ्या झालेल्या रेघा खालच्या कॅनव्हासवर, चालू रेघ वरच्या कॅनव्हासवर. बिंदू सरळ जोडलेस तर कोपरे दिसतात. लगतच्या बिंदूंचे मध्य घेऊन त्यांतून वक्र ने, रेघ हातासारखी वळते.

आणि फळा झाला की तो तुझ्या नव्या लॅपटॉपवर तपासून थांबू नकोस. शाळेतल्या जुन्या टॅबलेटवर, लहान मुलाच्या हाती दे. त्याची एकही रेघ हरवू देऊ नकोस.