रोहिणीचे पाणी कोणाचे?



तुमच्या घरी ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ असेल. नसेल तर विहारातला घ्या आणि पहिल्या खंडातले सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे प्रकरण आज पुन्हा वाचा. म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून राजपुत्र घर सोडून गेला, ही कथा बाबासाहेबांना पटली नाही. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोवर एकही म्हातारा किंवा प्रेत पाहिले नसेल काय, असा त्यांचा साधा सवाल. त्यांनी गृहत्यागाचे कारण म्हणून मांडला तो रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा.

रोहिणी ही शाक्य आणि कोलिय यांच्या सरहद्दीवरची नदी. दोघांची शेती तिच्याच पाण्यावर पिके. दर हंगामात पाणी आधी कोणी घ्यायचे आणि किती घ्यायचे, यावरून भांडण व्हायचे. सिद्धार्थ अठ्ठावीस वर्षांचा असताना दोन्हीकडच्या माणसांत मोठी मारामारी झाली. शाक्यांच्या सेनापतीने संघाच्या सभेत युद्धाचा ठराव आणला. सिद्धार्थाने त्याला दुरुस्ती सुचविली : शाक्यांनी दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि पाच जणांनी तंट्याचा निकाल लावावा. दुरुस्ती मोठ्या मताधिक्याने फेटाळली गेली. पुढचे तुम्हाला माहीत आहे.

या दुरुस्तीकडे आपण घाईने पाहतो. यातला ‘पाच माणसांचा’ भाग मला फार मोलाचा वाटतो. पाणी शाक्यांचे असे सिद्धार्थ म्हणाला नाही, कोलियांचे असेही म्हणाला नाही. जे दोघांचे आहे त्याचा नियम दोघांनी बसून करावा, एवढेच त्याचे मागणे होते.

आता हे अर्थशास्त्राच्या भाषेत समजून घेऊ. घाबरू नका, सोपे आहे.

रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड मी घेतला म्हणून तुमच्या वाट्याचा उजेड कमी होत नाही, आणि पैसे न देणाऱ्याला त्या उजेडातून हाकलताही येत नाही. अशा वस्तूला सार्वजनिक वस्तू म्हणतात. विहिरीचे तसे नाही. मी दोन घागरी काढल्या की दोन घागरी पाणी कमी झाले. तरीही विहीर सर्वांची आहे. नदी, तळे, गायरान, जंगल ही सामायिक साधनसंपत्ती. दिव्याच्या बाबतीत अडचण अशी की पैसे कोणीच देत नाही. विहिरीच्या बाबतीत अडचण अशी की जो तो उपसत सुटतो.

पहिल्या अडचणीचा दाखला माझ्याच पदरी आहे. आमच्या वस्तीचा हातपंप एकदा वायसर झिजून बंद पडला. खर्च किरकोळ होता. पण पंप दुरुस्त झाला की पैसे न देणाऱ्यालाही पाणी मिळणारच होते, तेव्हा प्रत्येकाने शेजाऱ्याची वाट पाहिली. मीही पाहिली, हे लपवीत नाही. बायका अकरा दिवस लांबच्या विहिरीवरून हंडे वाहत होत्या. शेवटी त्यांनीच विहारात बसून घरवार वर्गणी ठरविली, यादी भिंतीवर लावली आणि एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीला माफी दिली. यादी लागल्यावर दोन दिवसांत पैसे जमले. माणसे तीच होती. आपल्यासारखेच बाकीचेही देत आहेत, हे आता सर्वांना दिसत होते.

दुसऱ्या अडचणीबद्दल अमेरिकेतील जीवशास्त्रज्ञ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली एक लेख लिहिला. कुरण सर्वांचे असेल तर प्रत्येक गुराखी आणखी एक जनावर सोडील. जनावराचा फायदा त्याचा एकट्याचा, चाऱ्याची तूट मात्र सर्वांची. शेवटी कुरण उजाड होईल. म्हणून ते खाजगी करा, नाही तर सरकारच्या ताब्यात द्या, असा अर्थ पुष्कळांनी त्यातून काढला.

एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने याला उत्तर दिले. त्यासाठी त्यांनी अनेक देशांतील कुरणे, पाट आणि मासेमारीची ठिकाणे अभ्यासली. अर्थशास्त्राचे नोबेल मिळविणारी ही पहिली स्त्री. वर्ष २००९. त्यांचे म्हणणे आपल्या भाषेत सांगायचे तर असे : हार्डिन ज्याचे वर्णन करतात ते कुरण बेवारस आहे. बेवारस वेगळे आणि सामायिक वेगळे. सामायिक मालमत्तेला वापरणारे ठरलेले असतात, त्यांनी स्वतः केलेले नियम असतात, नियमावर नजर ठेवणारा असतो आणि मोडणाऱ्याला दंड असतो. पहिल्या चुकीला थोडा, पुन्हा केली तर जास्त. स्पेनमधील व्हॅलेन्सिया शहरात पाटाच्या पाण्याचे तंटे सोडविणारे पंच दर गुरुवारी दुपारी मोठ्या चर्चच्या दारात बसतात. पंच शेतकऱ्यांनीच निवडलेले. कज्जा तोंडी चालतो आणि निकाल तिथल्या तिथे लागतो. ही रीत शेकडो वर्षे चालत आली आहे. सिद्धार्थाचे पाच पंच आठवतात की नाही?

परंतु ‘वापरणारे ठरलेले असतात’ या वाक्यापाशी आपण थांबले पाहिजे. कोणी ठरविले? आपल्या गावांतही पाणवठ्याचे नियम होते, नजर होती आणि दंड तर फारच कडक होता. ऑस्ट्रॉमबाईंच्या कसोट्यांपैकी कितीतरी त्यात बसल्या असत्या. फक्त त्या ‘सर्वां’त आपले वाडवडील नव्हते.

महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास या दृष्टीने पुन्हा पाहा. सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कौन्सिलात १९२३ साली मंजूर झाला. सरकारी पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा सर्वांना खुल्या, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. कागदावर. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह ते पाणी घेतले, तेव्हा गावात दंगल झाली आणि तळ्यात पंचगव्याच्या घागरी ओतून ते ‘शुद्ध’ करण्यात आले. तळ्यात पाणी कमी होते म्हणून बंदी होती काय? मुळीच नाही. मुसलमान ते पाणी भरीत होते, गुरेढोरे पीत होती. टंचाई नसताना माणसाला वगळायचे, याला अर्थशास्त्रात कारण सापडत नाही. ते जातीत सापडते.

आणि पुढची युक्ती पाहा. दिवाणी दावा लावताना स्पृश्यांनी काय म्हटले? हे तळे सार्वजनिक नाहीच, आमच्या खाजगी मालकीचे आहे! जे सर्वांचे आहे त्यात खालचा माणूस वाटेकरी होऊ लागला की ते खाजगी ठरवायचे, ही चाल त्या दाव्यात उघडी पडली. दहा वर्षे कज्जा चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टात आपल्या बाजूने निकाल लागला. म्हणजे एका ओंजळीमागे दहा वर्षे.

ही चाल जुनी झाली असे समजू नका. आज विहिरीवर ‘शिवू नको’ म्हणण्याची गरज अनेक ठिकाणी उरलेलीच नाही. सहाशे फुटांचे बोअर घेतले की वस्तीची विहीर आपोआप आटते. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणी उपसण्याचा हक्कही त्याचा, असा जुना कायदेशीर समज आहे. ज्याला जमीनच नाही, त्याचा पाण्यात वाटा कोणता?

या प्रश्नाला पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्याने एक उत्तर दिले आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे या इंजिनिअरने नायगाव येथे कामाला सुरुवात केली आणि त्यातून पाणीपंचायत उभी राहिली. तिचे नियम तोंडपाठ करण्यासारखे आहेत. पाणी जमिनीच्या मापाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या संख्येने मिळेल : माणशी अर्ध्या एकराचे, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकरांचे. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. ऊस लावायचा नाही. योजनेच्या खर्चाचा पाचवा हिस्सा लाभधारकांनी द्यायचा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे भूमिहीनालाही पाण्यात वाटा. पुढे या सगळ्याच योजना टिकल्या असे नाही. पण पाण्याची वाटणी डोकी मोजून करता येते, हे याच महाराष्ट्रात करून दाखविले गेले.

डोकी मोजायची ती कोणाची, याविषयी विनयपिटकात एक सुंदर जागा आहे. अनाथपिंडिकाने जेतवन दान केले तेव्हा भगवंतांनी त्याला ते कोणा एका भिक्खूला देऊ दिले नाही. चारी दिशांच्या, आलेल्या आणि अजून न आलेल्या संघाला द्यावयास सांगितले. विहार, त्याची जमीन, खाटा, भांडी, कुऱ्हाड, कुदळ या वस्तू संघालासुद्धा वाटून घेता येत नाहीत की कोणाला देऊन टाकता येत नाहीत. जो भिक्खू अजून आलाच नाही, त्याचाही त्यात वाटा आहे. आपल्या विहिरीच्या यादीत अजून न जन्मलेल्या नातवंडांची नावे आपण कधी धरली आहेत काय?

येत्या रविवारी वंदनेनंतर अर्धा तास बसा. आपल्या वस्तीचे पाणी कोठून येते ते लिहून काढा. नळाची चावी कोणाच्या हातात आहे, ती किती वाजता सुटते आणि शेवटच्या घरापर्यंत किती हंडे पोचतात? गावाच्या पाणीसमितीत आपल्यापैकी कोण आहे, आणि त्याला सभेची नोटीस मिळते की नुसता सहीसाठी कागद येतो? ग्रामसभेत हा कागद वाचून दाखवा आणि त्याची नोंद इतिवृत्तात घ्यावयास लावा. लिहिताना बायकांना पुढे बसवा. शेवटच्या घराचे हंडे त्यांनाच ठाऊक असतात.