पाणी कोणत्या पायरीवर आहे

नृसिंहवाडी



कथेतले स्थळ म्हणजे पात्रांना काय करता येते आणि काय करता येत नाही हे ठरवणारी परिस्थिती. गावाची रचना, नदीचा काठ, ऋतू, रस्ता, बाजाराचा दिवस, कुणाच्या घरात कुणी कुठपर्यंत यायचे याची रीत, हे सगळे त्यात येते. नवा लेखक बहुधा स्थळाला वर्णन समजतो आणि पहिल्याच परिच्छेदात सूर्योदय, पाखरे, देवळातली घंटा मांडून मोकळा होतो. मग माणसे बोलू लागतात आणि ते गाव पुन्हा कथेत येत नाही. अशी कथा नृसिंहवाडीतून उचलून औदुंबरला किंवा गाणगापूरला नेऊन ठेवली तरी तिचे काहीही अडत नाही. हीच तिची उणीव ओळखण्याची खूण.

नृसिंहवाडीचेच उदाहरण घ्यावे. शिरोळ तालुक्यातले हे गाव कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर आहे. घाटाच्या पायऱ्या जिथे वर येतात तिथेच औदुंबराच्या सावलीत दत्ताच्या मनोहर पादुका आहेत. दत्तावतार मानलेल्या नृसिंहसरस्वतींचे इथे बारा वर्षे वास्तव्य होते, अशी परंपरा सांगते. कृष्णेपलीकडे औरवाड, पंचगंगेचा पूल ओलांडला की कुरुंदवाड. पावसाळ्यात कृष्णा चढली की पाणी मंदिरात येते, उत्तरेच्या दाराने शिरते आणि पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. हा दक्षिणद्वार सोहळा. त्या पाण्यात स्नान करायला लांबून भाविक येतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवतात आणि पूजा तिथे चालू राहते. एवढी माहिती एका परिच्छेदात बसते, पण ती अजून कथा नव्हे.

कथा सुरू होते ती एकाच पाण्याकडे दोन माणसे दोन आशांनी बघू लागतात तिथे. आईला दक्षिणद्वाराचे स्नान घडवायचे म्हणून पहाटेची एसटी धरून आलेला मुलगा पाणी दारापर्यंत यावे म्हणून हात जोडतो. नदीकाठच्या मळीत वांगी आणि ऊस लावलेला शेतकरी तेच पाणी उतरावे म्हणून त्याच देवापुढे हात जोडतो. दोघांचे भांडण नाही, दोघांत वाईट कुणी नाही, तरीही कथेला लागणारा ताण तयार झाला आहे. तो लेखकाला रचावा लागला नाही, जागेनेच दिला. दुसऱ्या कुठल्या गावात हा प्रसंग असा घडला नसता, म्हणून इथे स्थळ कथेचे अंग झाले.

या गावाच्या पुराचा आणखी एक विशेष कथाकाराच्या फार उपयोगाचा आहे. शिरोळच्या बाजूला पाऊस तसा बेताचा. पूर येतो तो सह्याद्रीतल्या पावसाने. कोयनेचे पाणी कृष्णेतून येते, राधानगरीचे भोगावतीतून पंचगंगेत उतरते आणि वाडीला दोन्ही गाठ घालतात. धरणातून सोडलेले पाणी इथवर पोचायला वेळ लागतो. त्यामुळे गावात लख्ख ऊन पडलेले असताना पायरीमागून पायरी बुडत जाते. बातमी आधी येते, पाणी मागून. मधल्या तासांत माणसे काय करतात यावर एक पूर्ण कथा उभी राहते. पेढेवाल्याने खवा, कढया, कवठाच्या बर्फीचे ट्रे माळ्यावर चढवायचे की आलेल्या गर्दीत आणखी एक दिवस विक्री साधायची? गोठ्यातल्या म्हशी कधी सोडायच्या आणि न्यायच्या कुणाकडे? घरातली म्हातारी, आपण याहून मोठे पाणी बघितले आहे म्हणून जागची हलत नाही, तिला कोण उचलणार? यातल्या प्रत्येक प्रश्नातून माणसाचा स्वभाव उघडा पडतो. लेखकाने ‘तो लोभी होता’ असे लिहायची गरज उरत नाही.

स्थळ दिसते ते नेहमी कुणाच्या तरी डोळ्यांनी. यात्रेकरूला घाट दिसतो, पूजा करणाऱ्याला वेळ दिसते, नावाड्याला प्रवाहाची ओढ दिसते, दुकानातल्या पोराला उतरलेल्या एसटीतली माणसे दिसतात. चौघांच्या तोंडी एकच वर्णन घातले तर चौघेही लेखकाचेच डोळे वापरू लागतात. पाण्याची उंची सरकारी कागदावर फुटांत येते, पण काठावर राहणारा माणूस ती पायरीत, ओट्यात, उंबऱ्यात मोजतो. ‘नदीने रौद्र रूप धारण केले’ या वाक्यापेक्षा ‘पाणी ओट्याला लागले’ हे वाक्य जास्त भीती घालते, कारण त्यामागे ते बोलणारा माणूस उभा असतो.

बाहेरून आलेला आणि आतला, या दोन दृष्टींतला फरक मराठी कादंबरीत स्वच्छ दिसतो. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (1955) धनगरांच्या वस्तीवर नवा मास्तर येतो. त्याला काहीच ठाऊक नसते, म्हणून वाचकाला वस्ती समजून घ्यायला रीतसर निमित्त मिळते. शेवटी दुष्काळ ती वस्तीच उठवतो, म्हणजे माळ आणि पाऊस यांनीच कथानक चालवलेले असते. आनंद यादवांच्या ‘गोतावळ्या’त (1971) उलट आहे. तिथे शेतावर राबणारा नारबा स्वतःच्या बोलीत बोलतो. त्याला बैल, म्हशी, मळा कुणाला समजावून सांगायचे नसतात, तो त्यांच्यातच राहतो. ट्रॅक्टर येतो, जनावरे जातात, आणि तेवढ्यानेच त्याचे जग रिकामे होते. नवशिक्याने लिहायला बसण्याआधी आपला निवेदक मास्तरासारखा की नारबासारखा, हे ठरवावे. आतल्या माणसाच्या तोंडी ‘आमच्या गावात दक्षिणद्वार नावाचा सोहळा असतो’ असे वाक्य घालणे ही या प्रकारातली सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे. गावातला माणूस म्हणेल, ‘आज दक्षिणद्वार होतंय बघ.’ एवढे पुरते. वाचक पुढच्या कृतीवरून अर्थ लावतो आणि त्याला ते आवडतेही.

स्थळ माणसाला घडवते हे शहरालाही लागू आहे. जयवंत दळवींच्या ‘चक्र’मधली (1963) मुंबईची झोपडपट्टी माणसांना आडोसा मिळू देत नाही, आणि तिथली नाती त्या अभावातूनच घडतात.

स्थळाला काळ चिकटलेला असतो. वाडीचा 2005 चा, 2019 चा आणि 2021 चा असे तिन्ही पूर एकाच नदीचे असले तरी कथेत एकसारखे नसतात. कोयनेचे धरण होण्याआधीच्या कथेत कुणी त्यातून सुटणाऱ्या पाण्याची वाट बघत बसणार नाही. 2019 च्या कथेतला तरुण मात्र क्युसेकचे आकडे मोबाईलवर बघत असेल आणि त्याची आजी तरीही घाटावर जाऊन पायरी बघून येईल. वर्ष एकदा ठरले की वीज, रस्ता, गाडी, निरोप पोचण्याची रीत हे सगळे त्याला धरून आले पाहिजे.

खऱ्या गावाचे नाव घेतले की भूगोल बदलता येत नाही. पाणी दक्षिणेकडून शिरताना दाखवले तर वाडीचा वाचक पुस्तक तिथेच मिटतो. शिवाय लहान गावात घर ओळखू येते. गावातल्या एखाद्या खऱ्या कुटुंबाची वेदना नाव बदलून जशीच्या तशी वापरणे योग्य नाही. त्यापेक्षा संगमावरच एक कल्पित वस्ती वसवावी, तिला नद्यांचा स्वभाव खरा द्यावा आणि माणसे स्वतःची द्यावीत.

काही कथांना स्थळ थोडेसेच लागते. दोन बहिणी आईचे दागिने वाटून घेत बसल्या आहेत, अशा कथेत पुराची पाने भरू नयेत. बाहेर पाणी आहे, वीज गेली आहे, आज कुणालाच घरी परतता येणार नाही, इतके तिथे भरपूर होते. पहिला खर्डा झाल्यावर स्थळाच्या प्रत्येक वाक्यापुढे ते कोणत्या पात्राला काय करायला लावते हे पेन्सिलीने लिहावे. ज्या वाक्यापुढे काही लिहिता येत नाही ते काढावे, आणि काढल्यावर मोकळी झालेली जागा भरायला जाऊ नये.