उपटलेली बागही बघून या

आमच्या सांगोला तालुक्यात डाळिंबाने माळावर बंगले उभे केले, हे खरंच आहे. हलकी मुरमाड जमीन, कमी पाऊस, ठिबकाचं मोजकं पाणी आणि 'भगवा' वाण, एवढ्यांचं इथे चांगलं जमलं. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्या यशोगाथा सगळ्यांना पाठ आहेत. उपटलेल्या बागांबद्दल मात्र कोणी बोलत नाही. त्यातली एक माझी.

माझं रान ओढ्याकाठचं, काळं आणि खोल. गावात त्याला चांगलं रान म्हणतात, आणि ज्वारी-हरभऱ्याला ते चांगलंच आहे. माळावरच्या एका पाहुण्यांची बाग बघून आलो आणि मनात हिशोब मांडला : त्यांच्या मुरमात एवढं येतं, तर आपल्या काळ्या रानात दुप्पट यायला काय हरकत आहे? डाळिंबाच्या मुळांना पाण्याचा निचरा लागतो, पाणी धरून ठेवणारं रान त्यांना मानवत नाही, हे तेव्हा ऐकून माहीत होतं. पण फळं लगडलेली बाग बघून आलेला माणूस असलं काही ऐकत नाही. गुटी कलमं ओळखीत स्वस्त मिळाली म्हणून घेतली, ती कोणत्या झाडांवर बांधली होती ते विचारलं नाही. शिफारस साडेचार बाय तीन मीटर अंतराची, म्हणजे एकरी साधारण तीनशे झाडं. मी ती दाटीने लावली.

पहिला बहार उत्तम गेला, आणि तिथेच घात झाला. व्यापाऱ्याने जागेवर सौदा केला, पैसे हातात आले आणि सगळे निर्णय बरोबर होते असं वाटायला लागलं. कर्ज वाढवून शेजारच्या तुकड्यातही लागण केली. पहिल्याच वर्षी फटका बसला असता तर स्वस्तात सुटलो असतो.

पुढे पावसाळ्यात झाडं पिवळी पडू लागली. आधी एखादी फांदी, मग अख्खं झाड, मग त्याच ओळीतलं शेजारचं. विचारेल त्याला मी 'तेल्या' म्हणून सांगायचो. तेल्या सोयीचा असतो. तो पावसाळी हवेत कोणाच्याही बागेत येतो, त्यात मालकाला कोणी बोल लावत नाही. पण तेल्या पानांवर आणि फळांवर तेलकट काळे डाग पाडतो. माझी झाडं उभ्या जागी वाळत होती. हा फरक मला दिसत होता, तरी मी दुकानदार देईल ती औषधं ओतत राहिलो. जिवाणूचं औषध, बुरशीचं औषध, वर टॉनिक.

शेवटी एक झाड मुळासकट खणून काढलं आणि सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे, तिथे गेलो. खोडाचा आडवा काप घेतला तर आतलं लाकूड ताऱ्याच्या आकारात करडं-तपकिरी झालेलं. मर रोग. बारीक मुळांवर सूत्रकृमींच्या गाठी. सूत्रकृमी मुळाला जखमा करतात, तिथून बुरशी आत शिरते, आणि ओल धरणाऱ्या जमिनीत तिचं चांगलं फावतं. दाट लागणीमुळे मुळं एकमेकांत गुंतलेली, म्हणजे रोगाला एका झाडावरून दुसऱ्यावर जायला रस्ता तयारच. वर मी वाळलेली झाडं बागेतूनच ओढत बांधावर नेत होतो. मुळांची माती वाटभर सांडत होती.

म्हणून नव्याने लागण करणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं : रोपं ठरवण्याआधी रानात तीन फूट खड्डा घ्या. खाली काय आहे ते बघा, पावसानंतर त्यात पाणी किती वेळ थांबतं ते बघा, आणि मातीबरोबर सूत्रकृमींचीही तपासणी करून घ्या. कलमं ज्या झाडांची, ती झाडं डोळ्यांनी बघा. बाग चालू असेल आणि झाड मेलं, तर ते जाळण्याआधी खोड कापून बघा. रोगट झाडाच्या आणि निरोगी झाडांच्या मध्ये खोल चर काढा, छाटणीची कात्री निर्जंतुक करा. पैसे कमी पडले म्हणून वर्षात दुसरा बहार ओढायचा मोह टाळा. झाडाला विश्रांती लागते.

दुसरं सांगणं पैशाचं आहे. तोट्याची वही घरात उघडी ठेवा. मी पतसंस्थेचे हप्ते थकल्याचं बायकोपासून लपवलं, आणि त्या काळात आणखी कर्ज काढलं. वही तिच्यासमोर आल्यावर तिने पहिल्या बैठकीतच विचारलं, "वाळत्या बागेला औषध कशाला घालताय?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्याच हंगामात बाग काढली.

काळ्या रानात आता ज्वारी आणि हरभरा असतो. माळाच्या तुकड्यावर थोडी डाळिंबं आहेत, ऊतिसंवर्धित रोपांची, योग्य अंतरावर. कर्ज फिटत आलं आहे, फिटलेलं नाही.

आमच्या भागात बाग बघायला गाड्या भरून लोक येतात. तुम्हीही आलात, तर फळांनी वाकलेली बाग जरूर बघा, पण त्याच गावातली उपटलेली बागही दाखवा म्हणून मागे लागा. मालक टाळाटाळ करतील. तरी विचारा. माझी बघायची असेल तर मी दाखवीन.