रूमाची विहीर आणि खुल्या सॉफ्टवेअरची अट

मशिदीच्या भिंतीवरील वेळांचा तक्ता पाहण्याऐवजी आता आपण मोबाईल पाहतो. फज्र ते इशा, प्रत्येक नमाजची वेळ त्यात मिनिटांसह येते. हे गणित कोणीतरी मेहनतीने बसवलेले असते. असे गणित करणारा ‘प्रे टाइम्स’ नावाचा एक प्रोग्राम-संच आहे. आपल्या कोकणातील मुस्लिम बहुतांशी शाफई आहेत. त्यांची अस्रची वेळ वस्तूची सावली वस्तूइतकी लांब झाली की सुरू होते. हनफी पंथात ती दुपटीवर धरली जाते. मध्यान्हीची मूळ सावली दोन्हीकडे वगळतात. या संचात दोन्ही हिशेब आहेत आणि तो कोणालाही विनामूल्य घेता येतो.

समजा, चिपळूणच्या एका तरुणाने हा संच घेतला, त्याच्या गणितात थोडा फेरफार केला, वर मराठी नावे आणि आपल्या मोहल्ल्यांच्या जमाअतच्या वेळा चढवल्या आणि ॲप विकायला काढले. संचाचा मूळ परवाना त्याने पुसून टाकला व ‘सर्व हक्क राखीव’ असे लिहिले. कोणी विचारले तर तो म्हणेल, “फुकट मिळत होते, घेतले. चोरी कसली?”

प्रश्न इथेच आहे. विनामूल्य देणे म्हणजे बेवारस सोडून देणे नव्हे. ‘प्रे टाइम्स’ची जी जुनी आवृत्ती त्याने घेतली, ती एलजीपीएल नावाच्या परवान्याखाली दिलेली आहे. हा परवाना जीपीएलच्या कुळातला. जीपीएलची पहिली आवृत्ती रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८९ मध्ये आणली. त्याचा गाभा असा : सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामची मूळ संहिता, घ्या, बदला, हवे तर विकासुद्धा, परंतु ज्याला द्याल त्याला सोर्स कोड आणि तुम्हाला मिळालेली तीच मोकळीकही द्या. यालाच ‘कॉपीलेफ्ट’ म्हणतात. पैसे घेण्यास मनाई नाही. मनाई आहे ती दरवाजा मागून बंद करून घेण्यास.

मदीनेतील रूमाची विहीर आठवा. जो ती विकत घेऊन मुस्लिमांसाठी खुली करील आणि तिच्यात स्वतःची बादली इतरांच्या बादलीसारखीच ठेवील, त्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी जन्नतची शुभवार्ता दिली होती. माननीय उस्मान (र.) यांनी ती स्वतःच्या पैशाने विकत घेतली आणि दान केली. कॉपीलेफ्ट हा शरीअतच्या अर्थाने वक्फ नव्हे. लेखकाची मालकी कायम राहते, हा भेद विसरू नये. परंतु बादली सर्वांच्या बरोबरीची राहावी, ही अट दोन्हीकडे आहे. यावर कोणी म्हणेल, विहिरीचे पाणी उपशाने घटते, सोर्स कोड तर घटत नाही, मग कोणाचे काय गेले? गेले ते पुढच्याचे. ॲप विकत घेणाऱ्याला त्या संचावर जो हक्क मूळ लेखकाने दिला होता, तो मधल्या माणसाने दाबून ठेवला.

करार पाळण्याचा आदेश सूरह अल्-माइदाच्या पहिल्याच आयतीत आहे. समोरचा कोण, हा विचार त्यात गौण आहे. लेखक परदेशी आहे, बिगरमुस्लिम आहे, त्याला कधी कळणारही नाही, या सबबी कितीदा ऐकू येतात! हिजरी ६ मध्ये हुदैबियाचा तह मक्केच्या कुरैशांशी झाला. मक्केहून येणाऱ्याला परत पाठवण्याची अट त्यात होती आणि तेवढ्यात अबू जंदल (र.) साखळदंडांत तेथे येऊन पोहोचले. त्यांना परत पाठवावे लागले. सहाबांना ते किती जड गेले, हे सीरतच्या वाचकांना ठाऊक आहे. आपल्यापुढील अट तर एक फाईल सोबत जोडण्याची आहे.

आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्‌ह अकादमीने १९८८ मध्ये कुवेतच्या अधिवेशनात लेखन व संशोधनाचे हक्क शरीअतनुसार संरक्षित असल्याचा ठराव केला. भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही संगणक-प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. लिंक्सिस कंपनीच्या राउटरमध्ये लिनक्स वापरल्याचे उघड झाल्यावर २००३ मध्ये तिला सोर्स कोड द्यावा लागला. पॅरिसच्या न्यायालयाने २०२४ मध्ये ऑरेंज या दूरसंचार कंपनीला जीपीएल मोडल्याबद्दल ५ लाख युरोंहून अधिक भरपाई द्यायला लावली.

आपल्या घरातील मुले-मुली पुण्या-मुंबईत किंवा आखातात याच व्यवसायात आहेत, म्हणून थोडे बारकाईने सांगतो. ‘एमआयटी’सारख्या परवान्यात लेखकाचे नाव व परवान्याचा मजकूर कायम ठेवला की पुरते, आपले ॲप बंद ठेवता येते. एलजीपीएलमध्ये आपला भाग बंद राहू शकतो, पण मूळ संचात केलेले बदल ग्राहकाला खुले करावे लागतात आणि तो संच बदलून पुन्हा बसवण्याची सोयही ठेवावी लागते. जीपीएलचा कोड मात्र आपल्या कोडमध्ये मिसळून एकच प्रोग्राम केला व तो दुसऱ्याला दिला, की सबंध प्रोग्रामचा सोर्स कोड त्याला द्यावा लागतो. साऱ्या जगाला नव्हे, ज्याला प्रोग्राम दिला त्याला. पुढे तो इतरांना देऊ शकतो. केवळ स्वतःच्या दुकानात वापरला, तर ही अट लागत नाही. एजीपीएल त्याहून कडक : प्रोग्राम बदलून सर्व्हरवर चालवला, तरी इंटरनेटवरून वापरणाऱ्यांना सोर्स कोड द्यावा लागतो.

ज्यांना ही अट नको, त्यांनी तो कोड काढून स्वतः लिहावा, किंवा लेखकाला पत्र पाठवून वेगळा परवाना मागावा. असे परवाने पैसे देऊन अनेकदा मिळतात. मात्र एकाच संचाचे लेखक अनेक असतील, तर प्रत्येकाची संमती लागू शकते.

आपल्या चिपळूणच्या तरुणाचे काम तर अगदी थोडे आहे. परवाना पुन्हा जोडावा, ‘सर्व हक्क राखीव’ हे शब्द त्या संचापुरते काढावेत, गणितात केलेला फेरफार खुला करावा आणि संच बदलण्याची सोय ठेवावी. मराठी नावे व जमाअतच्या वेळांचा त्याने स्वतः लिहिलेला भाग बंद ठेवून तो ॲप खुशाल विकू शकतो. आजवर विकलेल्या प्रतींच्या कमाईचे काय, हे त्याने एखाद्या जाणत्या मुफ्तींना विचारावे. आणि विचारण्यापूर्वी, जुन्या ग्राहकांना सोर्स कोड कोठे मिळेल तो पत्ता कळवावा.