दगडांच्या कमानी

राजगडाच्या सुवेळा माचीवर कातळाला आरपार पडलेले एक मोठे भोक आहे. त्याला 'नेढे' म्हणतात. असे एकच नेढे पाहून मन थक्क होते. मग जेथे दोन हजारांहून अधिक नेढी आहेत, तो प्रदेश किती अद्भुत असेल!

हा प्रदेश अमेरिकेच्या युटा राज्यात, मोआब गावाच्या उत्तरेस आहे. त्याचे नाव आर्चेस राष्ट्रीय उद्यान. 'आर्च' म्हणजे कमान. १९२९ साली याला राष्ट्रीय स्मारकाचा आणि १९७१ साली राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला.

या कमानी कोणी घडविल्या? सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी येथे समुद्र होता. तो वारंवार आटला व मागे मिठाचे जाड थर राहिले. त्यांवर वाळू साचून तिचा खडक झाला. भाराने खालचे मीठ सरकले, फुगले आणि वरच्या खडकाला समांतर भेगा पडल्या. भेगा रुंदावत जाऊन मध्ये पातळ भिंती उरल्या. वाळूचे कण सांधणारा चुना पाण्याने विरघळतो. हिवाळ्यात फटींतील पाणी गोठून फुगते व खडक फोडते. कण कण गळून शेवटी भिंत आरपार पोखरली जाते. पाऊस तुटपुंजा, पण कारागीर तोच!

'डेलिकेट आर्च' ही सर्वांत प्रसिद्ध कमान. तिच्याकडे जाणारी वाट दीड मैलांची, चढाची आणि सावलीवाचूनची. पाणी जवळ नसेल, तर उन्हाळ्यात ती जिवावर बेतू शकते. शेवटी कड्यालगतचे वळण येते आणि ती केशरी कमान एकदम समोर उभी राहते. तिच्या पोकळीची उंची ४६ फूट आहे. मागे दूरवर ला साल पर्वताची शिखरे दिसतात.

'लँडस्केप आर्च' ३०६ फूट लांब, पण फार सडपातळ आहे. १९९१ साली तिच्याखाली प्रवासी विसावले असता वरून कडकड असा आवाज आला. ते धावत सुटले आणि साठ फूट लांबीचा कपचा खाली कोसळला. सुदैवाने सर्व वाचले. तेव्हापासून तिच्याखालची वाट बंद आहे. २००८ साली 'वॉल आर्च' तर एका रात्रीत ढासळली. जे पाणी कमान घडवते, तेच तिला मोडते. हा निसर्गक्रम कोणालाही थांबविता येत नाही.

मनुष्याच्या हातून होणारी हानी मात्र थांबविता येते. येथील वाळूवर काळसर, खडबडीत साय दिसते. ती जिवंत असते. सूक्ष्म जीव, दगडफूल व शेवाळ यांनी ती विणलेली असते. ती वाळू धरून ठेवते आणि झाडांना पोषण देते. एका बेफिकीर पावलाने तिची कित्येक वर्षांची वीण तुटते. खडकावर कोरलेले नाव क्षणाचा आनंद देते; व्रण मात्र पुढच्या पिढ्या पाहतात. म्हणून सुज्ञ प्रवासी आखलेली वाट सोडीत नाही. तो डोळे भरून पाहतो आणि काही न मोडता परततो.

स्वाध्याय
१. पाण्याला 'कारागीर' का म्हटले आहे?
२. निसर्गाने व मनुष्याने केलेल्या हानीत कोणता फरक आहे?
३. तुमच्या परिसरातील एखाद्या किल्ल्याची वा टेकडीची जपणूक कशी कराल, ते लिहा.