डीएससीमधला २.५.४.२० कोण?

प्रश्न : आमच्या कार्यालयाचा प्रोग्राम डीएससीमधून (डिजिटल सहीच्या प्रमाणपत्रातून) सही करणाऱ्याचे नाव आणि राज्य वाचतो. काही प्रमाणपत्रांत मात्र मध्येच '२.५.४.२०=#१३४०…' येते आणि प्रोग्राम अडखळतो. प्रमाणपत्र बनावट आहे का? हा भाग गाळला तर चालेल का?

उत्तर : एवढ्यावरून प्रमाणपत्र बनावट ठरत नाही. प्रमाणपत्रात 'राज्य', 'संस्था' ही रकान्यांची नावे मुळात लिहिलेलीच नसतात. तिथे असतात फक्त क्रमांक, म्हणजे ओआयडी. २.५.४.३ म्हणजे नाव, २.५.४.८ म्हणजे राज्य. तुमची लायब्ररी आपल्याजवळच्या यादीत बघून 'सीएन', 'एसटी' ही अक्षरे लावते.

ही यादी लहान असू शकते. २००६च्या आरएफसी ४५१४ या इंटरनेट मानकाने अशी नऊच लघुनावे ओळखण्याची सक्ती केली आहे. यादीबाहेरचा ओआयडी आला, तर तो आकड्यांतच लिहून पुढचा मजकूर # लावून कच्च्या हेक्समध्ये द्यायचा, असेही तिथेच सांगितले आहे. म्हणजे लायब्ररीने नियमच पाळला.

आता हे हेक्स वाचू. १३ म्हणजे साध्या मजकुराचा प्रकार. ४० ही त्याची लांबी, पण हेक्समध्ये. आपल्या मोजणीत ६४. त्यापुढे ६४ अक्षरांचा मजकूर. २.५.४.२० हा रकाना दूरध्वनी क्रमांकाचा आहे खरा, पण ६४ अक्षरांचा फोन नंबर नसतो. ती अक्षरे हेक्स असतील, तर तो २५६ बिटांचा हॅश समजा आणि नंबर म्हणून पडद्यावर दाखवू नका.

पडद्यावरून हा भाग वगळायला हरकत नाही, साठवताना आणि तुलना करताना मात्र अजिबात नको. एकाच नावाच्या, एकाच राज्यातल्या दोन व्यक्तींमधला फरक नेमका अशाच रकान्यात असू शकतो. तुलना नेहमी ओआयडीवरून करा. लघुनावे लायब्ररीगणिक बदलतात, राज्यासाठी कुठे 'एसटी' तर कुठे नुसते 'एस'. आणि स्वल्पविरामावर तुकडे पाडू नका, कंपनीच्या नावातही स्वल्पविराम असतो. लायब्ररीकडून रकाने सुटे मागून घ्या. जावात तर ओआयडीला हवे ते नाव जोडणारी यादी स्वतः देता येते.

अनोळखी ओआयडी चालवून घेण्याची ही मोकळीक फक्त नावाच्या भागापुरती. प्रमाणपत्राच्या विस्तार-भागात 'क्रिटिकल' अशी खूण असलेला अनोळखी ओआयडी आढळला, तर ते प्रमाणपत्र नाकारलेच पाहिजे.